लाकडी कुत्र्याचा कान

"आजची पहिली तुकडी माझी!" भोंगा दारातूनच ओरडला आणि खिडकीत बसलेली कबुतरं फडफडत उडाली.

"काल पण तूच, परवा पण तूच! आम्ही काय नुसत्या पाहुण्यांच्या छत्र्या सांभाळायच्या?" त्याची ताई कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अगं, तू बोललीस की लोक जांभया देतात! 'हा खांब दगडी आहे. तो खांबसुद्धा दगडीच आहे.' कोण ऐकणार?"

चष्मिश आणि टिचकी फिस्सकन हसल्या. ताईने दोघींकडे असं काही बघितलं, की त्यांचं हसू जागच्या जागी जिरलं.

भोंगा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण त्याचा आवाज एकदा ऐकला की खरं नाव विचारायची कुणाला गरजच वाटायची नाही. तो आणि ताई सुट्टीत मावशीकडे आले होते. टिचकी मावशीची मुलगी, अंगाने एवढीशी आणि जिभेने चांगलीच तिखट. चष्मिश त्यांच्या शेजारची. तिच्या गळ्यात कायम एक कॅमेरा लटकलेला.

आणि मावशी? मावशी शहरातल्या सगळ्यात जुन्या चर्चची किल्ली सांभाळायची. वर्षानुवर्षं हे चर्च रविवारच्या मिस्सेपुरतं, म्हणजे प्रार्थनेपुरतं उघडायचं, मग आठवडाभर कुलूप. आत रंगीत काचांच्या खिडक्या, छतावर रंगवलेले देवदूत, कोरीव वेदी, आणि हे सगळं बघायला कोण? तर पाली! मावशीला याची भारी हळहळ वाटायची. तिने फादरांच्या मागे लागून, चर्चच्या समितीचे उंबरे झिजवून सुट्टीभर ते रोज उघडं ठेवायची परवानगी मिळवली होती. सगळं नीट पार पडलं, तर चर्च कायमचं लोकांसाठी खुलं होणार होतं. मग शहरातली बाकीची जुनी चर्चही एकेक करून उघडणार होती. आणि काही बिनसलं, तर पुन्हा कुलूप!

आलेल्या लोकांना चर्च फिरवून दाखवायचं काम मावशीने या चौघांकडे दिलं होतं. "डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा रे," असं ती रोज सकाळी सांगायची, आणि "हो मावशी," असं भोंगा रोज सकाळी तिच्यापेक्षा मोठ्याने म्हणायचा.

तर पहिली तुकडी अर्थात भोंग्यालाच मिळाली.

"या, या, इकडे या!" तो बाजूच्या छोट्या वेदीपाशी जाऊन थांबला. तिथे हातात काठी घेतलेल्या एका संताची लाकडी मूर्ती होती आणि त्याच्या पायाशी लाकडी कुत्रा. "हा संत गावोगाव हिंडून आजाऱ्यांची सेवा करायचा. एकदा तोच आजारी पडला, रानात एकटा! तेव्हा हा कुत्रा त्याला रोज तोंडात पाव धरून आणून द्यायचा. आता ऐका गंमत! कुत्र्याच्या नाकाला हात लावा आणि आपलं काय हरवलंय ते मनात आणा. ते सापडणारच!"

झालं! लोकांची हीऽ झुंबड उडाली. कुणी नाकाला हात लावला, कुणी डोक्यावरून फिरवला. एका आईने आपल्या बाळाला उचलून कुत्र्याच्या पाठीवरच टेकवलं. "फोटो, फोटो!" असा गलका झाला आणि चष्मिशने पटापट फोटो काढले.

संताची आणि पावाची गोष्ट जुनीच होती. पण नाकाची गोष्ट आली कुठून? भोंग्याच्या डोक्यातून! सुट्टीच्या सुरुवातीला एक तुकडी फारच कंटाळलेली दिसली, म्हणून त्याने ती तिथल्या तिथे ठोकून दिली. नेमका तेव्हाच त्या तुकडीतल्या एका आजोबांना हरवलेला चष्मा स्वतःच्याच खिशात सापडला! मग काय विचारता? लोक लोकांना सांगायला लागले आणि गाड्या भरभरून यायला लागल्या.

"हे खोटं आहे ना पण?" ताईने तेव्हा विचारलं होतं.

"कुणाचं काय बिघडतंय त्यात?" भोंगा म्हणाला होता.

दुपारी तुकडी गेली आणि चर्च शांत झालं. टिचकी फरशी झाडत होती. अचानक चष्मिश किंचाळली, "अरे! कुत्र्याचा कान कुठाय?"

चौघंही धावली. कुत्र्याचा डावा कान मुळापासून गायब! आणि आता जवळून बघितल्यावर दिसलं, की नाकावरचा काळा रंग पार उडाला होता. कपाळावरचा तपकिरी रंगही खपल्या धरून सुटत होता, आणि खालचं उघडं लाकूड दिसत होतं.

"चोरी!" भोंगा ओरडला. "कुणीतरी खरवडून नेलंय!"

नेमके तेव्हाच समितीचे अध्यक्ष आत आले. पोरं त्यांना लख्खकाका म्हणायची, कारण त्यांना सगळं कसं लख्ख लागायचं. समोरच्या जुन्या दगडी कमानीलाही त्यांनी चकचकीत रंग द्यायला घेतला होता. कुत्रा बघितल्यावर त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"उद्या दुपारी जुन्या वास्तूंच्या तपासनीस बाई पाहणीला येतायत! आणि आज हे?" ते मावशीवर कडाडले. "म्हणून मी सांगत होतो, सगळ्या जगाला आत घेऊ नका! किल्ली तुमच्याकडे, म्हणजे जबाबदारी तुमची. उद्याची पाहणी झाली की किल्ली माझ्या हातात द्यायची आणि दाराला कुलूप!"

मावशीने फक्त पदराने कुत्र्यापुढची धूळ हलकेच पुसली आणि ती मागच्या खोलीत निघून गेली. टिचकीचे डोळे भरून आले. "आई रडणार आता," ती म्हणाली.

"मुळीच नाही! चोर आपण पकडायचा," भोंगा म्हणाला. "विचार करा. रंग खरवडायची हत्यारं कुणाकडे असतात?"

चौघांच्या नजरा एकदमच दाराबाहेर गेल्या. कमानीपाशी रंगारी आपली पिशवी आवरत होता.

"तो दोनदा पाणी प्यायला आत आला होता," चष्मिश कुजबुजली.

"बघितलंस? सापडला!"

"अरे, पाणी प्यायला येणं म्हणजे काय चोरी झाली?" ताई म्हणाली. पण भोंगा एकदा सुटला की त्याला आवरणार कोण? त्याने सगळं ठरवून टाकलं. टिचकीने रंगाऱ्यापुढे पडल्याचं सोंग करायचं, रंगारी तिला उचलायला वाकला की भोंग्याने पिशवी बघायची. ठरल्याप्रमाणे टिचकी धपकन पडली, "आई गं!" म्हणून तिने गळा काढला आणि रंगारी हातातलं सगळं टाकून धावला. भोंग्याने पिशवी उलटी केली. कुंचले, पत्र्याच्या पट्ट्या, जुनं फडकं आणि जेवणाचा डबा बाहेर पडला. डब्याचं झाकण उघडलं आणि उरलेला भात रस्त्यावर सांडला.

रंगाऱ्याने मागे वळून बघितलं. टिचकीला उभं करून तो सावकाश आला आणि खाली बसून एकेक वस्तू गोळा करायला लागला.

"आम्ही... आम्हाला वाटलं..." भोंगा चाचरला.

"विचारलं असतंस तर मीच दाखवली असती पिशवी," रंगारी म्हणाला. तो चिडला असता तर बरं झालं असतं! पण तो चिडला नाही, आणि चौघांना कुठे तोंड लपवावं ते कळेना. ताईने खाली बसून भात गोळा केला. भोंगा नुसता उभा राहिला.

"तुझ्यामुळे!" घरी जाताना टिचकी त्याच्यावर खेकसली. "खोटं खोटं पडले, आणि त्या काकांनी माझा गुडघा खरोखर फुंकला!"

संध्याकाळी भोंगा मावशीच्या घराच्या पायरीवर एकटाच बसला होता. चष्मिशने त्याला कॅमेरा दिला होता. "फोटोंत मागे कुणी संशयित दिसतंय का बघ. मी जेवून येते," असं म्हणून ती गेली होती.

भोंगा एकेक फोटो बघायला लागला. सुरुवातीच्या फोटोत कुत्र्याचं नाक काळंभोर, आणि त्यावर एका बाईंचा हात. पुढच्या फोटोत हात, त्याच्या पुढच्या फोटोत तीन हात. लहान हात, सुरकुतलेले हात, पाव खाऊन तसेच आलेले तेलकट हात. आणि दर फोटोत नाक थोडं थोडं फिकट होत गेलेलं. भोंगा मागे चोर शोधत होता, पण चोर तर सगळे पुढेच उभे होते! हसत होते. आणि त्यांना बिचाऱ्यांना हात लावायला सांगितलं कुणी?

त्याने आजचे फोटो उघडले. त्यातल्या एकात भोंग्याने स्वतः एका गुबगुबीत मुलाला काखेत धरून उचललं होतं, आणि त्या मुलाने कुत्र्याचा डावा कान मुठीत गच्च धरला होता.

आता त्याला सगळं आठवलं. तो मुलगा मग रडायला लागला होता, खाली भिंतीकडे बोट दाखवून. भोंग्याला वाटलं, त्याला भूक लागली असेल. त्याने तिकडे वळूनही बघितलं नव्हतं.

आतून मावशीचा आवाज आला. ती फादरांना फोनवर सांगत होती, "नाही फादर, चूक माझीच. मी लक्ष द्यायला हवं होतं. किल्ली देते मी."

भोंग्याचे कान तापले. उठावं, आत जावं आणि सांगून टाकावं. बस्स, एवढंच करायचं होतं! पण मावशी काय म्हणेल? ताई काय म्हणेल? त्याने रंगाऱ्यावर केवढा आळ घेतला होता! त्याचा अंगठा कॅमेऱ्यावर फिरला, आणि तो फोटो पुसला गेला.

"मिळालं काही?" चष्मिश धावत आली.

"नाही," भोंगा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच तो इतक्या हळू बोलला होता, की चष्मिशला दोनदा विचारावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मावशी तपासनीस बाईंना आणायला स्टेशनवर गेली. फादर एका आजारी माणसाला भेटायला गेले होते. पोरं चर्चमध्ये शिरली, तर छोट्या वेदीपाशी लख्खकाका रंगाऱ्याला हुकूम सोडत होते.

"पुट्टी भरून नवा कान बनव! वरून मस्त तेलरंग मार. कुत्रा, संत, सगळं लख्ख करून टाक! बाई यायच्या आत झालं पाहिजे."

"साहेब, ही जुनी वस्तू आहे. बाईंना एकदा विचारून..."

"मी सांगतोय ना!"

ताईने तिघांना खांबामागे ओढलं. "वेडे झालेत हे! तेलरंग एकदा चढला की खालचा जुना रंग कायमचा गेला. थांबवायलाच हवं!"

"आपलं ते थोडंच ऐकणार?" चष्मिश म्हणाली.

तेवढ्यात बाहेर गाडीचा भोंगा वाजला. पाहुण्यांची बस आली होती. भोंग्याने ताईकडे बघितलं, ताईने भोंग्याकडे. "ते आपलं ऐकणार नाहीत," भोंगा म्हणाला, "पण पाहुण्यांना हाकलणारही नाहीत!"

आणि पुढच्याच क्षणी त्याचा आवाज चर्चभर घुमला. "या, या! सगळ्यांनी आधी इकडे या! अगदी पुढे या, वेदीला चिकटून!"

सगळी बस छोट्या वेदीभोवती गोळा झाली. रंगारी मध्येच अडकला. त्याने रंगाचा डबा उघडायच्या ऐवजी त्याच्यावरच बैठक मारली, आणि त्याचा चेहरा काही फार दुःखी दिसला नाही.

"अरे पोरा, यांना दुसरीकडे ने!" लख्खकाका दात-ओठ खात, पण पाहुण्यांसाठी हसू ठेवत म्हणाले.

"हो काका, एवढी गोष्ट संपली की लगेच!"

पण भोंगा गोष्ट कसली संपवतोय! संताची गोष्ट त्याने एवढी लांबवली, की संताला सगळ्या रानाची प्रदक्षिणा घडली. पाव कसा भाजला, कुत्रा कुठून कुठे पळाला, सगळं झालं. त्याच्या घशाला कोरड पडली. मग ताई पुढे आली. "हा खांब दगडी आहे," तिने सुरू केलं, आणि पोटात भीती असूनही चष्मिशला हसू आवरेना. ताईने सगळे खांब संपवले. मावशीचा पत्ता नव्हता.

"बास झालं आता! चला, पुढे चला," लख्खकाका म्हणाले.

तेवढ्यात पाहुण्यांमधल्या एक आजी पुढे सरकल्या. "बाळ, माझी मैत्रीण इथे येऊन गेली. ती म्हणत होती, या कुत्र्याच्या नाकाला हात लावला की हरवलेलं सापडतं. माझी अंगठी हरवली आहे रे," असं म्हणत त्यांनी हात लांब केला.

भोंग्यापुढे आता एकही गोष्ट शिल्लक नव्हती. होती ती फक्त एक खरी गोष्ट.

"नका! हात लावू नका आजी!" तो ओरडला. आजी दचकल्या. "ते... ते खोटं आहे. नाकाला हात लावून काही सापडत नाही. ती गोष्ट मी रचली. तुम्ही सगळ्यांनी हसावं म्हणून. आणि मी सांगितलं म्हणून सगळ्यांनी हात लावले, आणि रंग गेला. कानसुद्धा माझ्यामुळे तुटला. मीच उचललं होतं त्या मुलाला, तो रडत बोट दाखवत होता, तरी मी बघितलंही नाही. त्याचा फोटो होता, तो मी पुसला. चष्मिश, मी पुसला तो! आणि या काकांची पिशवी मी उलटी केली आणि..."

सगळे लोक त्याच्याकडे बघत होते. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं त्याला झालं. आणि मान वर केली तर दारात तपासनीस बाई उभ्या, आणि त्यांच्या शेजारी मावशी. मावशीने सगळं ऐकलं होतं.

बाई पुढे आल्या आणि त्यांनी विचारलं, "मुलगा रडताना बोट कुठे दाखवत होता?"

भोंग्याने गडबडून भिंतीकडे हात केला. "खाली. तिथे."

मूर्तीचा चौथरा आणि भिंत यांच्यामध्ये एक बारीकशी फट होती. मोठ्यांचा हात जाईना. "सरका!" म्हणत टिचकी फरशीवर आडवी झाली आणि तिचा काडीसारखा हात खांद्यापर्यंत आत गेला. "कोळी आहे! शी! ...आहे! काहीतरी आहे!" जाळ्यांनी माखलेला छोटासा तपकिरी कान तिने बाहेर काढला, आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

बाईंनी कान रुमालात घेतला. "आतून किडीने पोखरलेला आहे. नुसता धरला तरी तुटणारच. तुकडा मिळालाय, तेव्हा जोडता येईल." मग त्या कुत्र्यापुढे बसल्या आणि कितीतरी वेळ नाकाकडे बघत राहिल्या. "हा रंग मात्र गेला. लाकडावर खडूचा पातळ लेप असतो, त्याच्यावर रंग. हाताच्या घामाने, तेलाने तो सुटतो. एका हाताने काही होत नाही. पण इतक्या हातांनी झालं. उरलाय तेवढा टिकवू. गेलेला परत आणता येत नाही."

"मी नवा रंग देणारच होतो," लख्खकाका पुटपुटले.

"तेलरंग?" बाईंनी डब्याकडे बघितलं. "देऊन झाला असता, तर आज मी हे चर्च बंद करूनच गेले असते." लख्खकाकांची मान खाली गेली. त्यांनी मावशीकडे बघितलं, पण माफी मागायला त्यांना जरा वेळच लागला.

चर्च खुलं राहणार होतं. बाईंनी तसं सांगितलं. प्रत्येक मूर्तीपुढे दोरी बांधायची, आणि किल्ली जिच्याकडे आहे तिच्याकडेच राहू द्यायची. फादर धावतपळत आले आणि सगळं ऐकून त्यांनी चौघांच्या पाठीवर हात ठेवला. "शाबास! मूर्ती वाचवलीत पोरांनो!"

"वाचवली म्हणू नका, फादर," भोंगा म्हणाला आणि बाहेर गेला. कमानीपाशी रंगारी होता. भोंग्याने त्याची माफी मागितली. रंगाऱ्याने नुसती मान हलवली आणि ब्रश धुवायला त्याच्या हातात दिले.

मावशी मात्र दिवसभर त्याच्याशी बोलली नाही. जेवायला वाढलं, अंथरूण घालून दिलं, पण एक शब्द नाही. ताई भांडली, टिचकीने चिमटा काढला, चष्मिशने कॅमेरा परत घेतला. ते सगळं त्याला सोसवलं. मावशीचं गप्प राहणं सोसवेना.

सकाळी पाहुणे आले तेव्हा तो मागच्या बाकावर जाऊन बसला. मावशी त्याच्यापाशी आली.

"ऊठ. लोक थांबलेत."

"मी नको, मावशी. ताई बोलेल. मला लाज वाटते गं."

"वाटू दे," मावशी म्हणाली. "लाज वाटली म्हणून काय गप्प बसणार? नाकाची गोष्ट सगळीकडे पसरली आहे. लोक तीच ऐकून येतायत. ती खोटी आहे हे तुझ्याशिवाय कोण सांगणार? रोज सांगायचं. सुट्टी संपेपर्यंत, प्रत्येक तुकडीला."

भोंगा उठला. त्याने संताची गोष्ट सांगितली, पावाची सांगितली, आणि मग दोरीपाशी उभा राहून म्हणाला, "या नाकाला हात लावायची एक गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती खोटी आहे. तिच्यामुळे हा रंग गेला."

"कोणी सांगितली असली गोष्ट?" एका मुलीने रागाने विचारलं.

"मी," भोंगा म्हणाला.

लोक एकमेकांकडे बघायला लागले. कुणीतरी च्च केलं. त्या मुलीने कुत्र्याच्या उघड्या नाकाकडे बघितलं, मग भोंग्याकडे बघितलं, आणि आपले दोन्ही हात पाठीमागे घेतले. भोंग्याचे डोळे भरून आले, पण तो दोरीपासून हलला नाही.

मागे उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी मावशीला हळूच विचारलं, "हा मुलगा कोण हो?"

मावशी हळू बोलली नाही. सगळ्या चर्चला ऐकू जाईल असं म्हणाली, "माझा भाचा आहे तो."